हात कुठंयत?

आमच्या विद्यापीठात मन शांत करायला जो माणूस आणला, त्याचा आवाज साऱ्या कॅम्पसमध्ये सर्वांत मोठा होता. निवड माझी होती. माझ्या नोकरीतल्या बहुतेक गोष्टी माझ्या हातून चुकून झालेल्या आहेत. त्यातली ही एक बरी निघाली, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

त्याचं असं झालं. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी माइंडफुलनेसचे वर्ग सुरू करायचे, असं वरून ठरलं. वरून काही ठरलं की खाली एक समन्वयक लागतो. ती बैठक दुपारच्या जेवणानंतर होती आणि मी डोळे मिटून, मान किंचित खाली घालून बसलो होतो. आमच्या कुलसचिव भालेराव मॅडम म्हणाल्या, "नाईकांना या विषयाची आवड दिसते." शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. कशाबद्दल केला, ते मला चहाच्या वेळी कळलं.

मी सहायक कुलसचिव. म्हणजे परीक्षेच्या तक्रारी, बसचे पास आणि वसतिगृहातलं गरम पाणी. विद्यापीठ चाकणजवळच्या महाळुंग्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या गराड्यात. भिंतीला भिंत लावून गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मागे गोदामं, समोर दिवसभर ट्रकांची रांग. अशा जागी मी शांतीचा माणूस शोधायला निघालो. पांढरा झब्बा, थोडी दाढी, मंद हसू असा काहीतरी माझा अंदाज होता. तसे एक गृहस्थ आलेही. त्यांनी विचारलं, बसल्या जागेवरून झाडं दिसतील ना? मी त्यांना गच्चीवर नेऊन कंपनीच्या गेटवरचा गुलमोहर दाखवला. ते गच्चीवरून थेट गाडीतच बसले.

शेवटी माणूस सुचवला आमच्या लतामावशींनी. त्या महाळुंग्याच्याच, आमच्या इमारतीची साफसफाई बघतात. माझं टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "माज्या भाच्याच्या कंपनीत एक सर येत्यात. पोरं गप बसत्यात त्यांच्याम्होरं. मोप ओरडत्यात, पर पोरं गप बसत्यात."

हे 'मोप ओरडत्यात' मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कणसे सर आले ते आमच्या बसनं नाही, शेजारच्या कंपनीच्या बसनं. चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायात जाड तळव्यांचे काळे बूट, हातात स्टीलचा डबा. मी त्यांना मेंटेनन्सचा माणूस समजून आधी वरच्या मजल्यावरचा पंखा दाखवला. त्यांनी तो पाहिला, "बेअरिंग गेलंय" म्हणाले, आणि मग सांगितलं की मी कणसे. मूळचे कऱ्हाडकडचे. उमेदीची सारी वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांत गेलेली. आधी प्रेसवर, मग नवीन पोरांना प्रेसवर काम शिकवायला. तो कारखाना बंद पडला तेव्हापासून ते ठिकठिकाणी जाऊन माणसांना लक्ष द्यायला शिकवत होते.

'ध्यान' हा शब्द त्यांना चालायचा नाही. "ध्यान मोठ्या लोकांचं," म्हणायचे. "आपलं लक्ष."

पहिल्या बुधवारी हॉल भरला होता, कारण हजेरी सक्तीची होती. विद्यार्थी मागे, प्राध्यापक कडेला, कार्यालयातले आम्ही दाराशी, म्हणजे फोन आला तर पळता यावं. वर्ग तीनला. तीनच्या ठोक्याला भिंतीपलीकडच्या कंपनीचा शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. मी ओशाळून सरांकडे पाहिलं. ते बोट वर करून उभे होते.

"ऐका," ते म्हणाले. त्यांचं साधं 'ऐका' असं असायचं की खिडकीतली कबुतरं उडावीत. प्रेसच्या धडधडाटावरून बोलायची सवय लागलेला गळा. त्याला खालची पट्टीच उरली नव्हती. "भोंगा थांबतो कुठं, ते पकडा. चालू झालेला सगळ्यांनाच कळतो."

भोंगा लांबत गेला, बारीक झाला, ट्रकांच्या आवाजात मिसळला. कुठे थांबला ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. पण त्या वेळी हॉलमध्ये कुणी हललं नाही, हे खरं.

आणि मग त्यांनी विचारलं, "हात कुठंयत?"

बाकांखालचे मोबाइल एकदम वर आले. पोरं हसली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून दाखवले, अंगठे एकमेकांपासून लांब. प्रेसला दोन बटणं असतात, त्यांनी सांगितलं, दोन टोकांना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात मधे राहत नाही. पण पोरांना घाई असते. एक बटण कागदाची घडी घालून दाबून ठेवतात, एका हातानं काम करतात, डोक्यात दुसरंच चाललेलं असतं. "म्हणून मी प्रत्येक पोराच्या मागं जाऊन विचारायचो, हात कुठंयत? त्यानं सांगायचं नाही, बघायचं."

मागून एकानं विचारलं, सर, डोळे मिटायचे का? बाकीच्या ठिकाणी मिटायला सांगतात.

"मी डोळे मिटणाऱ्यांना शिकवलंय," कणसे सर म्हणाले. "त्यांची बोटं मीच उचललीत. उघडे ठेवा."

त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्यांचा सगळा कोर्स एवढाच होता. हात कुठे आहेत, पाय कुठे आहेत, श्वास आत आहे की बाहेर, शेजारी कोण आहे. हे शेजारी कोण आहे, यावर ते फार भर द्यायचे. रिकामी खुर्ची मधे सोडून कुणी बसलं तर स्वतः जाऊन त्याला सरकवायचे. "जवळ बसा की. भाडं पडत नाही." थर्मोडायनॅमिक्सच्या साने सरांना आयुष्यात पहिल्यांदा कॅन्टीनच्या आचाऱ्याला खेटून बसावं लागलं, आणि ते तिथेच झोपले.

साने सर दर बुधवारी झोपायचे. आणि घोरायचे, पद्धतशीर, चढत्या क्रमानं. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी समन्वयकाच्या जबाबदारीनं मी उठलो, वाकून मागून गेलो आणि त्यांना चिमटा काढला. साने सरांनी किंकाळी फोडली. सगळा हॉल दचकला. कणसे सर मला रागावून बोलले ते त्या एकदाच. "कशाला उठवलं त्यांना? चांगला आवाज होता की." मला वाटलं, टोमणा आहे. पण पुढच्या बुधवारी त्यांनी सान्यांना आपल्या अगदी शेजारची खुर्ची दिली आणि ते घोरायला लागले तसे हे सैल झाले, एखाद्याला उन्हाळ्यात पंखा मिळावा तसे.

आणखी काही गोष्टी होत्या, ज्यांचा मी चुकीचा अर्थ लावून ठेवला. वर्ग तीनला असला तरी ते सकाळीच यायचे. आमचं ग्रंथालय वातानुकूलित, निःशब्द. तिथे त्यांच्यासाठी मी खास कोपरा राखून ठेवला होता. त्या कोपऱ्यात ते एकदाही बसले नाहीत. प्रवेशाच्या खिडकीसमोर, जिथे बीड-लातूर-परभणीहून आलेले पालक पिशव्या घेऊन ताटकळत असतात, त्या बाकावर मधोमध बसायचे. कॅन्टीनमध्ये रिकामं टेबल सोडून भरलेल्या टेबलाच्या कडेला डबा उघडायचे. कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. नुसतं माणसांत बसायचं. मी भालेराव मॅडमना सांगितलं की सर फार पुढच्या पायरीवर आहेत, गोंगाटात राहून गोंगाटाच्या पार जाण्याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. मॅडमनी हे वाक्य वार्षिक अहवालात घेतलं. आजही आहे.

याच समजुतीतून मी भोंग्याचा पराक्रम केला. दर बुधवारी वर्गाच्या सुरुवातीलाच तो भोकाड पसरतो, हे माझ्या समन्वयक मनाला खुपत होतं. मी शेजारच्या कंपनीत जाऊन त्यांच्या एचआरच्या साहेबांना भेटलो. विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य, शेजारधर्म, सगळं बोललो. साहेब म्हणाले, अहो, आम्हालाही तो बंदच करायचाय, आता सगळ्यांना मोबाइलवर मेसेज जातो. पुढच्या सोमवारपासून भोंगा बंद. मी इतका खूश झालो की कणसे सरांना आधी सांगितलंच नाही. म्हटलं, बुधवारी प्रत्यक्षच ऐकू देत शांतता.

तीन वाजले. कणसे सर बोट वर करून उभे राहिले. हॉल गप्प. काहीच झालं नाही. ते तसेच उभे. मी दाराशी उभा राहून त्यांच्याकडे बघून हसत होतो, वाढदिवसाला केक लपवून ठेवलेला माणूस हसतो तसा. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट खाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बंद केलात?"

"हो सर. बोलून आलो."

"बरं," ते म्हणाले. हॉलकडे वळले. "आता चालू कुठनं करायचं?" हा प्रश्न ते आम्हाला विचारत होते की स्वतःला, ते मला कळलं नाही. मग साने सरांच्या घोरण्यावर त्यांनी त्या दिवशीचं काम भागवलं.

एका बुधवारी ते आलेच नाहीत. फोन वाजत राहिला, उचलला नाही. गुरुवारीही नाही. कार्यालय सुटल्यावर मी पिंपरीला गेलो. पत्ता होता एका उंच नव्या इमारतीचा. वाटेत पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून बालुशाहीचा लहान खोका घेतला, आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. लिफ्टनं वर जाऊन बेल दाबायला हात उचलला आणि थबकलो. आतून घर नुसतं गजबजलेलं ऐकू येत होतं. एक बाई तावातावानं बोलत होती, एक पुरुष तिला उत्तर देत होता. आतल्या खोलीत कुणी गाणं लावलेलं. स्वयंपाकघरात भांड्यात पाणी पडत होतं. मधेच पोरांचं हसणं. मी मनात हिशेब केला: मुलगा, सून, तिच्या माहेरचे कुणीतरी, नातवंडं. आणि माझ्या हातात हा एवढासा खोका. मला लाज वाटली. तसाच खाली उतरलो, पुन्हा कॅम्पात गेलो आणि मोठा खोका घेऊन आलो.

दार कणसे सरांनी उघडलं. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर. "नाईक साहेब? या की, या." मी दोन्ही खोके पुढे धरून, घरच्या मंडळींसाठी ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर घेऊन आत शिरलो.

घरात कुणी नव्हतं.

टीव्हीवर बातम्यांमधली बाई भांडत होती. झोपायच्या खोलीत एक रेडिओ, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर दुसरा. नळ भांड्यात थेंब थेंब सोडून ठेवलेला. खिडकी उघडी, खालच्या मैदानातली पोरं तिथून हसत होती. एका माणसाची एक खुर्ची, समोर स्टूल, त्यावर तापाच्या गोळ्या. माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, ते उतरवायचं कसं ते मला सुचेना.

सरांनी माझ्या हातातले दोन खोके पाहिले, माझं तोंड पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. ते हसले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले. "किती माणसं धरली होती?" त्यांनी विचारलं.

"सात-आठ," मी म्हणालो.

"कमीच धरली. सकाळी नाट्यगीतं असतात, तेव्हा यायचं."

बसलो. त्यांनी काही बंद केलं नाही, आवाज फक्त थोडा कमी केला. मग मला खिडकीशी नेऊन खाली दाखवलं. ही इमारत त्यांच्याच कारखान्याच्या जागेवर उभी होती. जिथे पोरांची घसरगुंडी आहे तिथे सगळ्यात मोठी प्रेस होती. शिकाऊ पोरांचा वर्ग भरायचा तो आता पार्किंगमध्ये गेला. "बायको म्हणाली, इथंच घेऊया, तुम्हाला करमेल." मंगलबाई जाऊन बरेच दिवस झाले होते. मूलबाळ नव्हतं.

बालुशाही खाता खाता त्यांनी मला कानाचं सांगितलं. सांगितलं म्हणजे विषय निघाला. मी फोनबद्दल तक्रार केली, तर म्हणाले, फोनची घंटा कळत नाही, कारण कानात आधीच एक वाजत असते. प्रेस शॉपनं दिलेली. बारीक, एकसुरी, रात्रंदिवस. डॉक्टरनं सांगितलं होतं, याला औषध नाही, सवय करा. सवय करायला म्हणून ते कुठे कुठे जाऊन बसले, शिकले, आणि मग इतरांना शिकवायला लागले.

"मग आता ऐकू येत नाही?" मी विचारलं.

"येतं की. माणसांत बसलो की मागं जातं. शेजारी कुणी श्वास घेतंय, कुणी खोकतंय, कुणाची खुर्ची वाजतेय, तिकडं लक्ष देता येतं." त्यांनी बोटं पुसली. "एकटा बसलो की पुढं येतं. मग दुसरं काहीच नसतं घरात. मंगल होती तोवर मला हे कळलंच नव्हतं. ती घोरायची."

मला साने सर आठवले, आणि तो चिमटा. मी दुसरी बालुशाही तोंडात कोंबली. मोठा खोका त्यांनी मला परत दिला. "बुधवारी आणा. वर्गात कामाला येईल."

आणि आला. त्या बुधवारी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर बालुशाहीचा एकेक तुकडा ठेवायला लावला आणि तो खायला इतका वेळ लावला की लेखा विभागाच्या दोघांना गहिवरून आलं. परभणीची ऋतुजा म्हणून एक मुलगी होती, पहिल्या वर्षाची. वसतिगृहात कुणाशी बोलायची नाही, म्हणून तिच्या वॉर्डननं तिला वर्गाला धाडलेलं. ती तुकडा हातात घेऊन रडायला लागली. सगळ्यांसमोरच म्हणाली, "सर, लक्ष दिलं की रडू येतं."

"येऊ दे की," कणसे सर म्हणाले, त्यांच्या मानानं हळू, म्हणजे फक्त हॉलला ऐकू जाईल इतकं. "हात कुठंयत तेवढं बघ."

ती हाताकडे बघत रडली. लतामावशी तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी आपला तुकडा खाऊन टाकला, तिच्या पाठीवर चिकट हात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. त्यानंतर ऋतुजा एकही बुधवार चुकली नाही.

वर्ग बंद करायचं ठरलं ते कुणाच्या वाईट हेतूनं नाही. भालेराव मॅडमनी मला समोर बसवून नीट समजावलं. हॉलमध्ये मावतात किती, आणि विद्यार्थी किती. बाहेरून समिती येणार, ती विचारणार की हे सगळ्यांपर्यंत पोचतं का. आता सगळी सत्रं मोबाइलच्या अ‍ॅपवर ठेवायची. मी म्हणालो, मॅडम, पण एकत्र बसण्यात काहीतरी असतं. त्या म्हणाल्या, "नाईक, वसतिगृहातल्या मुलीला एखाद्या रात्री झोप लागली नाही, तर तिनं बुधवारची वाट बघायची का?" मी वहीत 'अ‍ॅप' असं लिहून घेतलं. "आणि आवाज कणसे सरांचाच घेऊ," त्या म्हणाल्या. "त्यांचा मान राहील."

सरांना मी हे सांगितलं त्यांच्या आवडत्या बाकावर, प्रवेशाच्या खिडकीसमोर. दोन्ही बाजूंना पालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी यायचं नाही."

"आवाज तुमचाच असणार ना, सर."

"आवाज होय," ते म्हणाले. शेजारच्या बाईंची पिशवी कलंडत होती, ती त्यांनी सरळ केली. "आवाजाचं काय करू मी?"

आमचा नवा स्टुडिओ म्हणजे एक काचेची खोली. भिंतींना राखाडी स्पंज, दार लावलं की बाहेरच्या आवाजाचा कणही आत येत नाही. तंत्रज्ञ सागरनं सरांना खुर्चीत बसवलं, समोर माइक दिला, दार ओढून घेतलं. आम्ही दोघं काचेबाहेर. लाल दिवा लागला. सर बोलेनात. सागर म्हणाला, बोला सर, चालू आहे. सरांनी माइककडे पाहिलं, स्पंजाकडे पाहिलं. कपाळावर घाम. मला वाटलं, माइक बिघडला. मी मदत म्हणून समोरचं एक बटण दाबलं, आणि आतले दिवे गेले. अंधाऱ्या काचेमागून त्यांचा आवाज आला, "हात कुठंयत?" इतका मोठा, की सागरच्या यंत्रावरचे काटे टोकाला गेले.

दिवे लावले तेव्हा ते उभे होते, दार ढकलत होते. ते दार आतून ओढायचं होतं.

मी आत गेलो. ती घंटा त्या खोलीत किती वाजत असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी सागरला सांगितलं, दार उघडं ठेव. तो म्हणाला, मग ट्रक येतील आवाजात. मग मी बाहेर जाऊन लतामावशींना घेऊन आलो. ऋतुजा जिन्यात भेटली, तिलाही घेतलं. आम्ही तिघं त्या स्पंजाच्या खोलीत खाली फरशीवर बसलो, त्यांच्या पायाशी, एकमेकांना खेटून. लतामावशी म्हणाल्या, "आमी हाय सर. तुमी बोला." दार लागलं. सरांनी आम्हाला एकेकाला पाहून घेतलं, आणि बोलायला लागले. सलग, न अडखळता. ऋतुजाला सर्दी होती, ती नाक ओढत होती. मावशींच्या बांगड्या वाजत होत्या. माझं पोट गुरगुरलं, दोनदा. त्यांनी त्या आवाजांकडेही लक्ष द्यायला सांगितलं. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत चांगला वर्ग होता.

आठवड्याभरानं सागरनं तयार झालेलं ऐकायला बोलावलं. त्यानं मन लावून काम केलं होतं. सरांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. सर ऐकत राहिले, मग भुवया आकसल्या. बराच वेळ ऐकलं. हेडफोन काढून त्यांनी माझ्याकडे दिले. मी ऐकलं. आवाज सरांचाच, पण मऊ, दुरून आल्यासारखा. नाक ओढणं नाही, बांगड्या नाहीत, माझं पोट नाही. सागर अभिमानानं म्हणाला, सगळं साफ केलंय, सर. एकदम क्लीन.

"ह्यात कुणीच नाही की," कणसे सर म्हणाले.

सागरला ते कौतुक वाटलं. तो थँक्यू म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, डबा उचलला आणि कंपनीच्या बसच्या वेळेला निघून गेले.

अ‍ॅप छान चाललं. समितीला आवडलं. ऋतुजा एकदा माझ्याकडे आली होती, बुधवारी हॉलची किल्ली मिळेल का विचारायला. कशाला, तर नुसतं बसायला, ती आणि आणखी काहीजणी. मी दिली. नियमात बसतं का ते पाहिलं नाही. सरांना कळवावं म्हणून फोन केला. वाजत राहिला. घरी गेलो, तर कुलूप होतं, आणि आतून काही ऐकू येत नव्हतं. शेजारी म्हणाले, अलीकडे दिवसभर बाहेरच असतात.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चाकणच्या चौकात. संध्याकाळची शिफ्ट सुटलेली, आमची बस नेहमीप्रमाणे अडकलेली. कांद्याचे ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस. समन्वयकानं स्वतः सगळी सत्रं पूर्ण करायची असतात, म्हणून मी कानात इअरफोन घालून राहिलेलं एक उरकत होतो. बाहेर सगळं मुकं होतं. रस्त्याकडेच्या कठड्यावर निळ्या-करड्या गणवेशातल्या कामगारांची रांग बसलेली, आपापल्या बसची वाट बघत. त्या रांगेत मधेच चौकडीचा शर्ट होता.

पाठ सरळ, डोळे उघडे, दोन्ही हात मांड्यांवर. डाव्या बाजूचा कामगार त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता, तोंड उघडं. घोरत असावा. माझ्या कानात कणसे सर बारीक, स्वच्छ आवाजात विचारत होते, "हात कुठंयत?" मी पाहिलं. एक काचेवर होता. मी काच वाजवली. बस बंद, वातानुकूलित. बाहेर काय जाणार. मी उठलो, उतरायला म्हणून. इअरफोनची वायर पुढच्या सीटच्या दांडीत अडकली होती, ती सोडवेपर्यंत खिशातला मोबाइल सीटखाली गेला, आणि तो काढायला मी वाकलेलो असताना बस सुटली.

मागच्या काचेशी गेलो तेव्हा कामगाराचीही बस आली होती. सरांनी त्याला हलवून उठवलं, त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. तो डोळे चोळत पळाला. त्यांच्या डाव्या हाताला जागा रिकामी झाली. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं. मग हात मांड्यांवरून उचलून कठड्यावर टेकले आणि सरकत सरकत पलीकडच्या माणसाला जाऊन खेटले.